नळ आला, नळ गेला

गेले तीन आठवडे आमच्या मागच्या अंगणातला, धुण्याच्या जागेचा नळ गळत होता. दिवसा रस्त्यावरच्या रहदारीत ते ऐकूही येत नाही. पण रात्री अकरानंतर प्राधिकरणातल्या गल्ल्या शांत झाल्या की टप... टप... टप... सुरू! या वयात झोप आधीच सावध, त्यात हे. एका रात्री न राहवून उठले, खाली बादली ठेवली आणि सकाळी लिटरच्या मापानं पाणी मोजलं. (शिक्षकी पेशाची खोड. निवृत्त झालं तरी मोजमाप सुटत नाही.) रात्री दहा ते सकाळी सहा, आठ तासांत साधारण सहा लिटर भरलं. म्हणजे दिवसाला अठरा आणि वर्षाला साडेसहा हजार लिटर. वही-पेन्सिल घेऊन दोनदा गुणाकार केला, कारण आकडा खराच वाटेना.

लेकाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "आई, जुने नळ आहेत सगळे. एकदा प्लंबर बोलाव आणि सगळे बदलून टाक. पैशांची काळजी करू नकोस." पैशांची काळजी नव्हती हो. तो नळ ह्यांनी १९८४ साली बसवलेला. भरीव पितळी, हातात घेतला तर वजन लागावं असा. हे गेले त्याला सहा वर्षं झाली, आणि घरातल्या ज्या वस्तूंवर त्यांचा हात फिरला होता त्या एकेक करून 'जुन्या झाल्यात' म्हणून जाताहेत. असो.

प्लंबर आला. विशी-बाविशीचा मुलगा, ओडिशाचा. नळ दोनदा फिरवून बघितला आणि म्हणाला, "आंटी, इसका अब कोई रिपेअर नहीं करता. नया लगा लो, आधे घंटे का काम है." मी म्हटलं, "अरे, वायसर बदल की फक्त." तो नुसता हसला. त्याच्या पिशवीत नवे चकचकीत नळ होते, टेफलॉन टेप होती, दोन-तीन पाने होते. वायसर मात्र एकही नव्हता.

त्या हसण्यानं मला विचारात टाकलं. नळाचा वायसर ही गोष्ट इतिहासजमा झाली की काय? आणि इतिहास म्हटलं की माझा हात पुस्तकांकडे जातोच. गेले काही दिवस वाचलेलं, आठवलेलं आणि थोडं हातानं करून बघितलेलं इथे लिहिते आहे.

सुरुवात शब्दापासून करू या, तेवढंच मला जरा बरं येतं. मराठीत 'नळ' म्हणजे पाइपही आणि त्याच्या टोकाची चावीही. शब्द जुना आहे, पोकळ देठ, नळी, नाळ यांच्या गोतावळ्यातला. टोकाच्या तुकड्याला आपण 'तोटी' म्हणतो, पण शहरात तो शब्द मागे पडला. गंमत म्हणजे आपण "पाणी आलं" म्हणण्याऐवजी "नळ आला" म्हणतो. नळ भिंतीला पक्का, तो कुठं जातो-येतो! पण "नळ गेला, आता साडेचारला येईल" हे वाक्य कुठल्याही मराठी बाईला अडत नाही. आपल्या भाषेत नळ म्हणजे पाणी येण्याची वेळ. आणि इथेच गोम आहे. तोटीचं खरं काम पाणी आणण्याचं नाहीच, ते काम नळीचं. तोटीचं काम पाणी थांबवण्याचं. नळाच्या इतिहासाची पुस्तकं धरणं आणि कालवे सांगत बसतात, पण मला त्यातला हा थांबवण्याचा भाग जास्त महत्त्वाचा वाटायला लागला आहे.

आमच्या पुण्याचंच बघा. १७५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून तिथलं पाणी दगडी बांधकामाच्या भुयारी नळानं थेट शनिवारवाड्यापर्यंत आणलं. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास ठेवले आणि पेठापेठांत हौद बांधले. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद ही नावं अजून रिक्षावाल्यांना ठाऊक आहेत, हौद दिसत नसले तरी. त्याआधी शे-सव्वाशे वर्षं मलिक अंबरानं औरंगाबादेत अशीच नहर खेळवली होती. या दोन्ही योजनांचं कौतुक करावं तेवढं थोडं. पण त्यांत तोटी नव्हती. गरजच नव्हती. पाणी उतारानं आपल्या चालीनं यायचं, एक हौद भरला की पुढच्यात जायचं. त्याला बंद करून ठेवायचं ही कल्पनाच त्या व्यवस्थेत नाही. हौदाला काठ असतो, तिथं जाऊन घागर बुडवायची.

तोटी जगात नव्हती असं मात्र नाही. रोमन लोकांकडे काशाच्या तोट्या होत्या. एक निमुळता खुंटा, त्याला आरपार भोक, आणि तो एका घरात बसवलेला. पाव फेरी फिरवला की भोक नळीच्या रेषेत येतं आणि पाणी वाहतं, पुन्हा पाव फेरी फिरवला की बंद. पिंपांना, समोवाराला असते तसली. (प्लंबर हा शब्दही त्या लोकांचाच. लॅटिनमध्ये शिशाला 'प्लंबम' म्हणतात आणि त्यांचे नळ शिशाचे होते.) ही खुंट्याची तोटी जवळजवळ दोन हजार वर्षं चालली. हलक्या दाबाला ती पुरते. दाब वाढला की खुंट्याच्या कडेनं पाणी झिरपतं. आणि दुसरी अडचण अशी की ती एका झटक्यात बंद होते. नळीतून जोरात येणारं पाणी एकाएकी अडलं की त्याचा धक्का मागे जातो आणि सगळी नळी धाडकन हादरते. आपल्याकडेही जोराचा नळ झटकन बंद केला की भिंतीत ठोका ऐकू येतो ना, तोच. जुन्या शिशाच्या नळ्या त्या धक्क्यानं फुटायच्या.

आता जरा लंडनला जाऊन येऊ. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात तिथं पाणी खाजगी कंपन्या पुरवत, आणि ते रोज नव्हे, आठवड्यातले काही दिवस, दिवसातले काही तास. लोक पिंपं आणि टाक्या भरून ठेवत. कंपन्यांचं म्हणणं असं की चोवीस तास पाणी दिलं तर लोक ते वाया घालवतील. थॉमस हॉक्सली नावाच्या तरुण इंजिनिअरनं नॉटिंगहॅम शहरात १८३१ साली कायम दाबाखालचा पुरवठा सुरू करून दाखवला. नळी सतत भरलेली आणि दाबाखाली राहिली की बाहेरची घाण तिच्यात शिरत नाही हा त्याचा मोठा फायदा. पण नळी सतत दाबाखाली ठेवायची म्हणजे टोकाला दाब सोसणारी, न गळणारी आणि हळू बंद होणारी तोटी हवी. १८४५ साली रॉदरहॅमच्या गेस्ट अँड क्राइम्स या पितळकामाच्या कारखान्यानं ती बाजारात आणली. पेटंट एडवर्ड क्राइम्सचं. आपल्याकडे तेव्हा जोतिबा अठरा वर्षांचे होते आणि भिडेवाड्यातली मुलींची शाळा निघायला तीन वर्षं होती.

ही तोटी म्हणजेच आपला नेहमीचा नळ. तो उघडून बघितला नसेल तर सांगते, कारण यात खरी बुद्धी आहे. नळाच्या पोटात एक आडवा पडदा असतो, त्याला गोल भोक. भोकाच्या कडेला बैठक म्हणतात. वर आट्यांचा दांडा. दांड्याच्या खालच्या टोकात एक छोटी पितळी चकती सैलसर बसवलेली आणि तिच्या तळाला मऊ वायसर. आपण मूठ फिरवतो तसा दांडा आट्यांवरून उतरतो आणि वायसर बैठकीवर दाबला जातो. तीन-चार फेऱ्या लागतात म्हणून पाणी हळूहळू थांबतं, धक्का बसत नाही. आणि ती चकती सैल का? तर पुरवठ्याचं पाणी मध्येच गेलं तर ती आपोआप खाली पडून भोक झाकते, आणि बादलीत बुडलेल्या नळातून घाणेरडं पाणी उलटं शोषलं जात नाही. मला तर हे वाचताना टाळी वाजवावीशी वाटली. झिजायचं सगळं काम त्या एका मऊ चकतीवर टाकलं आहे. पितळ वर्षानुवर्षं टिकतं, झिजते ती चकती, आणि ती पैशा-दोन पैशांची. ती बदलण्यासाठी नळ भिंतीतून काढावा लागत नाही, नुसती मुंडी उघडायची.

त्या पैशा-दोन पैशांच्या चकतीनं आपल्याकडे मात्र मोठा घोळ घातला. कारण ती चामड्याची होती!

मुंबईत विहार तलावाचं पाणी १८६० साली नळानं आलं. पुण्यात खडकवासल्याचं धरण १८७० च्या दशकात झालं आणि नळाचं पाणी हळूहळू पेठांत शिरलं. सनातनी घरांत प्रश्न उभा राहिला, चामड्याला लागून आलेलं पाणी देवाला कसं चालेल? सोवळ्याचं पाणी विहिरीचं किंवा हौदाचं, आणि नळाचं पाणी भांडी-धुण्याला, अशी वाटणी कित्येक घरांत झाली. आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्यात माझ्या लहानपणीसुद्धा ती थोडीफार शिल्लक होती. माझी आजी देवाचं पाणी आडातूनच काढायला लावायची. मी एकदा विचारलं, "आजी, मृदंगाला चामडं चालतं, मग नळाला का नाही?" तर म्हणाली, "मृदंग आपण पितो का?" यावर काय बोलणार! मृदंगाचा मुद्दा मी अजून सोडलेला नाही, पण आजीचं उत्तर खोडता येत नाही हेही खरं.

मग १२ जुलै १९६१ उजाडला. पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला फुटलं. मी तेव्हा दहा वर्षांची. आमची बाजू उंचावर, घरात पाणी शिरलं नाही. पण पूर ओसरल्यावर लक्षात आलं की नळ कोरडे. ज्या धरणातून ते यायचं ते धरणच राहिलं नव्हतं. मूठ कितीही फिरवली तरी आतून नुसती सुस्कारल्यासारखी हवा. मग ज्यांच्या आडांवर फळ्या टाकल्या होत्या त्यांनी त्या काढल्या, जुने हौद उपसले, गल्लीत पाण्याच्या गाड्या येऊ लागल्या. आमच्या आडावर सगळ्या आळीची रांग लागली. त्या रांगेत कोण कुठला हे आजीनं विचारलं नाही, आणि गाडीचं पाणीही तिनं देवाला वापरलं. त्या गाडीच्या तोटीत कसला वायसर होता हे मी विचारायला हवं होतं. तेव्हा सुचलं नाही.

पण पाण्याच्या काठाशी कोण येऊ शकतं हा प्रश्न वायसरपेक्षा फार जुना आणि फार कडू. १८६८ साली जोतिराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. याच पुण्यात, पेशव्यांच्या त्या सुंदर हौदांच्या शेजारी. १९२३ साली सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात संमत झाला, आणि तरीही २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकरांना महाडच्या चवदार तळ्यावर जाऊन ओंजळभर पाणी प्यावं लागलं. बंद नळीतल्या पाण्याला कुणाचा हात लागत नाही, तेव्हा नळानं हा प्रश्न आपोआप सुटायला हवा होता. सुटला नाही, कारण मुठीला हात लागतो. मी नोकरीच्या सुरुवातीला, १९७० च्या दशकात, एका खेड्यातल्या शाळेत होते. पटांगणात एकच नळ. काही मुलं तो स्वतः उघडत आणि काही मुलं दुसऱ्या कुणी उघडून देईपर्यंत ओंजळ करून उभी राहत. मी नवी होते. हे माझ्या लक्षात यायला दोन महिने लागले आणि बोलायला आणखी एक. तो महिना मला अजून टोचतो.

असो. विषय नळाचा आहे, पण तो असा वाहत जातो.

आम्ही निगडी प्राधिकरणात राहायला आलो १९८३ साली. पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ पासून, पुढे मोटारींचे, स्कूटरींचे कारखाने आले. १९७० मध्ये नगरपालिका, १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण आणि आम्ही येण्याच्या आदल्याच वर्षी महानगरपालिका झाली होती. आजूबाजूला मोकळी रानं, बाभळी आणि अर्धवट बांधलेली घरं. ह्यांची नोकरी पाळ्यांची. नळ गळायला लागला आणि हे रात्रपाळीला, अशा एका संध्याकाळी शेजारचे काका पाना घेऊन आले. ते एका मोठ्या कारखान्यात टर्नर होते. म्हणाले, "बाई, मी करून देणार नाही. दाखवतो, तुम्ही करा."

गच्चीवरच्या टाकीचा कॉक बंद केला. मुठीचा स्क्रू काढला, मुंडीला पाना लावला आणि घड्याळाच्या उलट्या दिशेनं जोर दिला. आतून ती चकती निघाली. वायसरवर बैठकीची गोल खूण उमटलेली, चाकवतीवर बांगडी दाबावी तशी. नवा काळा रबरी वायसर बसवला. दांड्याच्या बाजूनं पाणी येत होतं तिथं सुती दोऱ्याला मेण लावून चार वेढे दिले. बस्स. वीस मिनिटं. त्या दिवसापासून आमच्या घरचे वायसर मी बदलत आले. शिवणाच्या डब्याशेजारी माझा वायसरचा डबा असायचा, आणि शेजारणी बोलवायला लागल्या तेव्हा ह्यांना केवढं हसू आलं होतं! पुढे या वसाहतीत अशी कितीतरी घरं बघितली जिथं लेथवर काम करणारा माणूस घरचा नळ स्वतः उघडत असे. लोखंडाशी बोलायची सवय असलेलं गाव होतं हे. प्लंबर फक्त नवी जोडणी करायला यायचा, तीसुद्धा ताग आणि सफेदा लावून.

हे पाणी पवनेचं. मावळातल्या धरणातून ते नदीच्या पात्रात सोडतात, सुमारे पस्तीस किलोमीटर वाहत आलं की रावेतच्या बंधाऱ्यापाशी उचलतात, आणि आमच्या इथे निगडीत सेक्टर २३ ला शुद्ध होतं. ते पात्रातून न सोडता बंद नळानं थेट धरणातून आणायची योजना निघाली तेव्हा मावळातले शेतकरी उठले. धरणासाठी जमिनी त्यांनी दिलेल्या, आणि नदीतलं वाहतं पाणीही जाणार ही भीती. ९ ऑगस्ट २०११ ला बऊरजवळ द्रुतगती मार्गावर आंदोलन झालं, पोलिसांनी गोळीबार केला आणि एका बाईसह तीन शेतकरी गेले. त्या दिवशी संध्याकाळी मी नेहमीसारखी बागेला पाणी घालत होते. बातम्या लागल्या आणि हातातली नळी तशीच धरून उभी राहिले. कुणाची बाजू बरोबर हे सांगण्याएवढं मला कळत नाही, शहरालाही पाणी हवंच. पण अंगणातल्या नळाची मूठ आणि बऊरचा रस्ता एकाच नळीच्या दोन टोकांना आहेत, हे त्या दिवसापासून विसरता आलेलं नाही. सहा लिटर मोजताना तेच डोक्यात होतं.

शहर तर फुगतच राहिलं. २००१ च्या जनगणनेत दहा लाख, २०११ ला सतरा लाख. २५ नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी सुरू झालं, तेव्हा सांगितलं होतं तात्पुरतं म्हणून. वर्षांमागून वर्षं गेली तरी तेच चाललं आहे. आंद्रा धरणाचं पाणी इंद्रायणीतून निघोजेपाशी उचलून चिखलीला शुद्ध करून आणायला लागले, तरी दिवसाआड ते दिवसाआडच. म्हणजे बघा, हॉक्सलीच्या आधीचं लंडन! पिंपं भरा, टाक्या भरा, आणि कालचं उरलेलं ओतून आजचं भरा. मोठ्या सोसायट्यांत टँकर. कायम दाबासाठी जन्मलेली तोटी आपण गच्चीवरच्या टाकीच्या दाबावर चालवतो.

माझी धाकटी बहीण चाकणच्या पुढे एका गावात असते. भोवती सगळीकडे कारखाने उभे राहिले, पण गावात नळ यायला उशीर लागला. 'हर घर जल' ही घोषणा २०१९ च्या पंधरा ऑगस्टची, माणशी रोज ५५ लिटर असं तिचं माप. (माझ्या गळक्या नळानं एक माणूस वर्षातले एकशे एकोणीस दिवस जगला असता.) तिच्या दारात नळी आली, पण गल्लीत बऱ्याच नळ्यांना तोटीच नव्हती. मी म्हटलं, "अगं, तोटी का नाही बसवत? तालुक्याच्या पेपरात दर महिन्याला येतं, नळांना तोट्या बसवा, नाहीतर कनेक्शन तोडू." ती म्हणाली, "ताई, पाणी येतं तासभर. त्या तासात बंद कशाला करायचं? आणि पितळी लावली तर चोरीला जाते." तिचं बरोबर होतं. नळी कायम भरलेली असेल तर तोटीला अर्थ. जिथं पाणी मागे थांबणारच नाही तिथं थांबवायचं काय? सूचना काढणाऱ्यांनी आधी हे वाचायला हवं. आणि ही बाई चौथीपर्यंत माझ्याकडेच शिकली आहे हेही सांगून टाकते.

आता त्या प्लंबरच्या पिशवीतल्या नळाविषयी. त्यात वायसर नसतोच. आत गुळगुळीत घासलेल्या सिरॅमिकच्या दोन चकत्या एकमेकींवर चिकटून फिरतात, दोन्हींची भोकं जुळली की पाणी. पाव फेरी! म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमन खुंट्याची पाव फेरीच पुन्हा आली, फक्त आता ती गळत नाही. पाणी स्वच्छ असेल तर हा नळ फार चांगला चालतो, उगाच नावं ठेवणार नाही. माझ्या संधिवाताच्या बोटांना तर तो वरदान आहे. पण टँकरच्या पाण्यातली रेती आणि बोअरच्या पाण्यातला क्षार त्याला मानवत नाही. चकत्यांवर ओरखडा पडला की आतली सगळी कुपी बदलायची, आणि त्याच मापाची कुपी मिळेलच असं नाही. मिळाली नाही की नळच बदलायचा. १८४५ च्या नळात झिजणारी वस्तू दुकानात सुटी, एकाच मापाची आणि कुठल्याही गावात मिळायची. आपल्याकडे तर त्याला भारतीय मानकही आहे, आयएस ७८१. आता दर कंपनीची कुपी वेगळी.

त्या मुलावर माझा राग नाही. तो केंद्रापाडा जिल्ह्यातला निघाला. पट्टामुंडाईकडची माणसं देशभर प्लंबिंग करतात, तिथं त्याचं सरकारी शिक्षणकेंद्रसुद्धा आहे. त्याचे काका, मामा सगळे याच धंद्यात. पाच रुपयांच्या वायसरसाठी त्यानं भोसरीहून निगडीला यायचं आणि मी त्याला तीनशे रुपये द्यायचे, हे त्यालाच चमत्कारिक वाटत होतं. नवा नळ बसवला की पैसे घेताना मान वर राहते, असं काहीतरी तो हिंदीत म्हणाला. ते मला पटलं.

तरी मी हट्ट सोडला नाही. आकुर्डीच्या एका जुन्या हार्डवेअरच्या दुकानात वायसर मिळाले, डझनच घेतले. मुलाला म्हटलं, पाना तू धर, माझ्या मनगटात जोर नाही. मुंडी निघाली. वायसर बदलला. टपटप थांबलं. मी विजयी मुद्रेनं चहा केला.

बाराव्या दिवशी पुन्हा टप... टप...

पुन्हा उघडलं तेव्हा त्यानंच बॅटरीच्या उजेडात दाखवलं. वायसरचा दोष नव्हता, बैठकीच्या कडेला बारीक खाच पडली होती. चाळीस वर्षांचं पाणी त्या एका जागेवरून झिरपून झिरपून. वर कितीही नवा वायसर लावा, खाच त्याला कापणारच. आमचे टर्नर काका आता नव्वदीला टेकले आहेत, कानानं कमी ऐकतात, पण नळ हातात दिला तर नखानं बैठक चाचपून म्हणाले, "लेथवर एक हात फिरवला की झालं." त्यांच्या हाताखाली शिकलेल्या एकाचं भोसरीत छोटं वर्कशॉप आहे. तिथं नळ गेला, संध्याकाळी परत आला. पैसे घेतले नाहीत. बैठक आरशासारखी चमकत होती, आणि प्लंबरचा मुलगा ती बराच वेळ बघत होता. त्यानं मोबाइलवर फोटोही काढला, काकांना दाखवायला. त्याच्या काकांना, ओडिशाच्या.

नळ पुन्हा बसला आहे. आज अकरावा दिवस, म्हणून अजून बढाई मारत नाही. स्वयंपाकघरातले दोन नळ मात्र मी नवे, पाव फेरीचे बसवून घेतले, लेकाचाही मान राखला.

एक राहिलं. चामड्याचा वायसर मी स्वतः कधी बदललेला नाही, मी शिकले तेव्हा रबर आलेलं होतं. वाईच्या घरी मागच्या दारी चामड्याचाच होता, आणि तो बसवण्याआधी गोड्या तेलात भिजत घालत असं थोरल्या वन्सं म्हणायच्या. त्यांना आता पंच्याऐंशी पूर्ण होतील. या रविवारी फोन करून नीट विचारते, आणि सोवळ्याचं पाणी त्यांच्याकडे कुठून यायचं तेही.